चार रेणूंच्या मध्ये

“एकट्या ऋण आयनावर प्रकाश टाकला की त्याचा जादा इलेक्ट्रॉन चटकन बाहेर पडतो, हे मान्य,” माझा पीएचडीचा प्रबंध मिटत बाहेरून आलेले परीक्षक भडकमकर सर म्हणाले. “पण भोवती पाण्याचे चार रेणू जमले की तोच हटत नाही? हात धरून बसवतात काय त्याला? नाही पटत. येतो मी, साडेपाचची एसटी आहे.”

ते उठले, तर विभागप्रमुख बाईंनी त्यांना शाल पांघरवली, म्हणून बसले. पुन्हा उठले, तर क्लार्क धुमाळांनी नारळ दिला. तिसऱ्यांदा लायब्ररीतल्या सोमणबाईंना सरांच्या गावचं आपलं माहेर आठवलं. चौथ्यांदा शिपाईमामा ट्रे घेऊन दारातच उभे. “असं कसं सर, चहा न घेता?”

सव्वासात वाजले. शालीत घामाघूम झालेले सर नारळ पोटाशी धरून म्हणाले, “पटलं गं बाई! आण, सही करतो. पण मला इथून बाहेर काढ.”

“चार रेणूंतून काढायचं म्हणजे जोरदार लेझर लागतो, सर,” मी पेन पुढे केलं. “आमच्या विभागाकडे तेवढा नाही.”