नवा वायसर

फौजदार नाक्यावरच इंजिन बंद करून मोटरसायकल ढकलत आमच्या लालबागच्या चाळीखाली आणायचा. पण टाकीचं झाकण गळकं, त्यामुळं पेट्रोलचा वास त्याच्या आधी वर पोचायचा. संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं घेऊन जमलेली पोरं तेवढ्यात पसार व्हायची.

आज तो माझ्याच गॅरेजात आला. डोक्यावर उभा राहून झाकणाला नवा वायसर बसवून घेतला, वाकून हुंगलं आणि म्हणाला, "लवू, बस मागं. ट्रायल मारू."

नाक्यापासून गाडी मलाच ढकलायला लावली. चाळीखाली अंधारात पोचल्यावर माझं तोंड दाबून धरलं.

वर गॅलरीत माझ्या बायकोनं, रखमानं, नाक वर करून वास घेतला.


"वास नाय येत. येवा रे सगळे भायर!"