रान मोकळं

“आदी रान बघायचं, मग रायफल,” हैबतीनाना म्हणाले. “काय दिसतंय ते सांग. न्हाई दिसलं तर न्हाई म्हन. त्यात लाज न्हाई.”

मोहिनीला हसू आलं. हेच वाक्य तिनं बारा वर्षांपूर्वी, शाळेच्या गणवेशात, याच चटईवर ऐकलं होतं.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला असलेल्या रायफल क्लबच्या या सहाशे मीटरच्या मैदानावर नानांनी पास केल्याशिवाय कुणाला गोळी झाडता येत नसे. पास झाल्याचं कार्ड दर तीन वर्षांनी नवं करावं लागे. फौजेतून हवालदार होऊन परतल्यापासून नाना इथेच होते, आणि पुण्याच्या भल्याभल्यांना त्यांनी हात हलवत परत पाठवलं होतं. नेम चुकला तर चालेल, नजर चुकली तर नाही, असा त्यांचा खाक्या. बांधापलीकडच्या उतारावर माणसं शेरडं चारतात. इथली एक चूक म्हणजे कुणाच्या तरी घरात कायमची रडारड.

“तपासनीला आले,” एवढंच मोहिनी सकाळी म्हणाली होती. रायफलची पेटी तिनं चटईशेजारी ठेवली. क्लबच्या ऑफिसातून आणलेलं पाकीट वाऱ्यानं उडू नये म्हणून दगडाखाली सरकवलं.

“नाना, आठवतं? पयल्या दिवशी तुमी मला चार तास नुसतं बसवलं होतं.”

“आन तू रडली होतीस.” नाना खूश झाले. “पर गवतातला ससा तूच दावलास मला. तवाच वळखलं, ही पोरगी तयार हुनार.”

मोहिनीला भरून आलं. बापानं शिकवलं नसतं इतकं या माणसानं शिकवलं होतं.

“चल, सांग आता.”

“बावटा खाली. वारा डावीकडनं. बांधावर कुणी न्हाई.” ती जरा थांबली. “पलीकडं आंब्याखाली शेरडं हायत. मागं एक बाई हाय. हिरवं लुगडं.”

नानांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

“थांबायचं. ती जाईस्तोवर गोळी न्हाई.”

मग ते चटईवर टेकले. “आमची सोजरा तितंच शेरडं चारायची. लगनाच्या आदी. म्या सुट्टीवर आलो की हितनं शीळ घालायचो, ती तिकडनं पदर हलवायची. लुगडं असंच, हिरवं.” त्यांचा आवाज मऊ झाला. “तिला जाऊन सात वर्सं झाली. पर ह्यो उतार बघितला की बरं वाटतं बग. म्हनून तर सुटत न्हाई ही जागा.”

मोहिनी गवताच्या काड्या तोडत राहिली.

“नाना, तुमाला दिसतीया ना ती? नीट बघून सांगा.”

“न दिसाया काय झालं? ती बघ, वड्याकडं वळली.”

“खरंच दिसतीया?”

“आगं, तुज्या आदी दिसली मला!” नाना हसले. “गेली बग. रान मोकळं. काढ रायफल.”

मोहिनीनं पेटी उघडलीच नाही. दगडाखालचं पाकीट ओढून तिनं आतला कागद गुडघ्यावर पसरला. ‘मैदानप्रमुखाची नजर तपासणी.’ परीक्षक म्हणून खाली तिचं नाव होतं. ‘नापास’वर खूण करताना तिला अक्षरं दिसेनात.

समोरचा उतार सकाळपासून रिकामाच होता.