मोत्यांच्या पानाची पारख

सुज्ञ वाचकहो, दागिन्यांची पारख करण्यात हयात घालविलेल्या या अल्पशिक्षित लेखकाने डोळ्यांदेखत पाहिलेला एक संतापजनक प्रसंग येथे यथामती निवेदन करण्यात येत आहे.

दुकानात सासू, सासरे व सून असे तिघे आले. सासूबाईंनी वेलीच्या पानाच्या आकाराचा ब्रोच माझ्यासमोर आपटला. पानावर दवबिंदूंप्रमाणे तीन मोती जडविलेले होते.

"मागून पांढरं पडलंय बघा! माझं अस्सल सोनं हिनं माहेरी पोचवलं आणि ही नक्कल आणून ठेवली. सांगा हिच्या तोंडावर!"

मी भिंग लावले. मोती खरे, पान चांदीचे, वर सोन्याचा मुलामा. तोही वर्षानुवर्षे अंगठा घासून मागून झिजलेला.

"आपल्या दागिन्याची काही खूण?" मी पृच्छा केली.

"देठ वाकलेला होता. लग्नाच्याच वर्षी माझ्या हातून पान पडलं होतं."

मी तो वाकलेला देठ त्यांच्यापुढे धरला. "बाईसाहेब, दागिना तोच आहे. तो पहिल्यापासून चांदीचाच होता. आपणांस दिला कोणी?"

सासूबाईंची मान हळूहळू यजमानांकडे वळली. यजमान फरशीकडे पाहू लागले.

सून त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, "मामंजी, काल आईंनी सोनं शोधायला पलंगाखालची माझी ट्रंक उपसली, तेव्हा बॅटरी तुम्हीच धरली होती ना?"

वाचकांनी अमूल्य वेळ दिला, याबद्दल ऋणी आहे.
आपला नम्र,
भिंगवाले तात्या