धक्क्यावरून हाक

"दोन्ही कानांवर घाल, मावशी. एका कानाने काही कळायचं नाही."

गोदूने बोंबलांचे हात पदराला पुसले आणि हेडफोन डोक्यावर चढवला. दुपारचे दोन वाजून गेले होते. कालवण कधीच निवलं होतं. एकटीने जेवायला बसणं तिच्या जिवावर यायचं. मग चारच्या सुमारास उभ्याउभ्या दोन घास, की झालं जेवण. होळीच्या आधी नवरा, धर्मा, गेला तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

हेडफोन घेऊन आलेली भाची हेमाली नवी मुंबईत व्हिडिओ गेमसाठी आवाज गोळा करते. "आवाज गोळा करायचा पगार देतात? कमाल हाय!" असं म्हणत दोन वर्षांपूर्वी धर्मा तिच्यासाठी अख्खी सकाळ धक्क्यावर ओरडला होता. धुकं पडलं की हाका मारून होड्यांना खडकांतून आत आणायचं काम त्याचंच. जीपीएस आला तरी लोकांना त्याचीच हाक लागायची.

त्यातली एक हाक सिनेमावाल्यांनीही नेली. गोदू अलिबागला जाऊन तो सिनेमा बघून आली. छत्री उघडायला लागते तेवढा वेळ धर्माचा आवाज आला, लगेच त्याच्यावर व्हायोलिनं चढली, संपलं. पुन्हा मारेल हाक म्हणून ती दिवे लागेपर्यंत बसून राहिली. कुठला मारतोय! पुढे मोबाईलवर तिने तो तुकडा शंभरदा ऐकला. दर वेळी तीच हाक, तोच दम. तिने "व्हय, ऐकलं" म्हटलं काय, न म्हटलं काय, त्याला पत्ताच नाही.

"सिनेमातला आवाज आपल्या वेळेला येतो न् जातो," हेमाली टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवत म्हणाली. "गेममधला तुझ्याकडे बघून येतो. तू होडी वळवलीस की तो..."

"बरं गो बाय, शाळा नको. लाव."

पडद्यावर नुसतं पांढरं धुकं. होडीचं टोक तेवढं दिसत होतं. मग डाव्या कानात एकदम आवाज आला, "होऽऽऽ! हिकडं ये रे, हिकडं!"

गोदूने झटक्यात मान डावीकडे वळवली. तिथे कपाट होतं.

"मान नको, होडी वळव. हा अंगठा असा."

तिने अंगठा सरकवला. धर्माचा आवाज डाव्या कानातून हळूहळू पुढे आला आणि अगदी नाकासमोर उभा राहिला. तीस वर्षं ही हाक तिने ऐकली होती, पण घरातून. कोळीवाड्यातल्या बायका मासळी उतरवायला धक्क्यापर्यंत जायच्या, होडीत पाय ठेवायच्या नाहीत. धर्माचं तोंड कायम दर्याकडे, घराकडे त्याची पाठ. आज पहिल्यांदाच तो तिच्याकडे तोंड करून हाका मारत होता.

"मला बोलवतोय तो!" कानांवर हेडफोन असलेली माणसं ओरडतात तशी ती ओरडली.

"मग जा ना सरळ. धक्क्याला लागलीस की जिंकलीस."

"आनि मंग?"

"मग काय, तो गप्प. पुढची लेव्हल."

गोदूने होडी फिरवली आणि पुन्हा धुक्यात घातली.

"मावशी, अगं!"

"गप बस. दर्यात हाय मी."

"अरे खडक हाय तिथं! डोळं फुटलं काय तुजं?" धर्मा कावला. गोदू खुदकन हसली. अस्साच कावायचा मेला! हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, पण अंगठा काही तिने उचलला नाही. ती धक्क्याजवळ जायची, त्याला जरा हायसं वाटू द्यायची आणि पुन्हा लांब पळायची.

हेमालीला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तिला दिसत होती ती फक्त मावशी, एकटीच हसणारी, एकटीच रडणारी. अर्धा तास झाला तशी हेमाली चुळबुळ करू लागली. दोन वर्षांपूर्वी त्या सकाळी धर्माच्या हाका संपल्यावरही तिचं रेकॉर्डिंगचं मशीन चालूच राहिलं होतं. सिनेमावाल्यांनी ते शेवटचं बोलणं कापूनच टाकलं असतं. तिने ते गेममध्ये ठेवलं होतं, जो किनाऱ्याला यायलाच तयार नसेल त्याच्यासाठी. आजवर ते कुणीही ऐकलं नव्हतं. जिंकायचं सोडून इतका वेळ धुक्यात थांबतो कोण? मावशीला आधीच सांगायला हवं होतं. तिने हात पुढे केला, पण तोवर गोदूचा अंगठा थांबला होता.

धर्मा आता हाक मारत नव्हता. ओटीवर बसून बोलावं तसं साधंच बोलत होता.

"बास झालं गो, हेमाली. घरा जातो आता. गोदू उपाशी बसली असंल. माज्याबिगर जेवत न्हाय ती."

मग धक्क्यावरून लांब लांब जाणारी त्याची पावलं ऐकू आली. मग नुसतं पाणी.

गोदूने नीट, सावकाश होडी वळवली आणि कुणीच हाक मारत नसताना धक्क्याला आणून लावली. हेडफोन डोक्यावर तसाच ठेवून ती उठली आणि तिने कालवण गॅसवर चढवलं.

"जेवते रे, जेवते!" ती ओरडली, पार दर्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने.