पिवळं न झालेलं पाणी

गणपतरावांनी दिलदारची मानगूट सोडली नव्हती. दिलदारची पाठ विहिरीच्या कठड्याला टेकली होती आणि टोपी चिखलात पडली होती. भोवती सगळी वाडी जमली होती. पण कुणी त्या दोघांकडे बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे मीनाक्षीबाईंच्या हातातल्या काचेच्या नळीवर होते.

बाईंनी नळीत विहिरीचं पाणी घेतलं. बाटलीतून औषधाचे पाच थेंब टाकले. पावडर पडलेलं पाणी या थेंबांनी पिवळं होतं, हे एव्हाना शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनाही ठाऊक झालं होतं. बाईंनी नळी उजेडाकडे धरली. पाणी होतं तसंच राहिलं.

मागून कुणीतरी शिवी हासडली.

वाडी कळंब्याच्या पुढची. साल अठ्ठ्याहत्तर. मीनाक्षीबाई तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. चार बायका आणि दोन शिक्षक जमवून दर सोमवारी विहिरीचं पाणी तपासायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. विहिरीत जंतुनाशक पावडर टाकायला पंचायतीनं दिलदारला नेमलं होतं. गेले तीन सोमवार पाणी पिवळं झालं नव्हतं. बाईंनी पंचायतीला कळवलं. शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलंही, की विहिरीत पावडर टाकली जात नाही, पाणी उकळून प्या. खाली जबाबदार म्हणून दिलदारचं नाव घातलं.

पाणी कुणी उकळलं, कुणी नाही. मग जुलाब-उलट्या सुरू झाल्या. अकरा माणसं कोल्हापूरला दवाखान्यात नेली. दहा परत आली. गणपतरावांची सहा वर्षांची पारू आली नाही. काल तिला माती दिली आणि आज सकाळी गणपतराव घरातून निघाले ते थेट विहिरीवर आले.

“टाकतोय की मी,” दिलदार कसंबसं म्हणाला. “रोज सकाळी टाकतोय.”

“मग बाईंची नळी खोटं बोलती व्हय?”

गणपतरावांनी त्याला आणखी मागं रेटलं. त्याचं डोकं कठड्याच्या आत झुकलं. दोघातिघांनी पुढं पाऊल टाकलं, ते सोडवायला की हात धुऊन घ्यायला, हे कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी नळी पुन्हा पाहिली. हा माणूस इथंच मरेल, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. त्यांनी सयाजीला हाक मारली. सयाजी पंचायतीचा शिपाई. पावडरीचं पोतं त्याच्याच खोलीत असायचं. ते उचलून आण, असं त्यांनी त्याला सांगितलं, आणि पोतं येईपर्यंत कुणी हात उचलायचा नाही, असं वर्गात बोलावं तसं सगळ्यांना बजावलं.

पोतं आलं. बाईंनी पेला मागवला. त्यात घरून आणलेलं गाळलेलं पाणी ओतलं आणि पोत्यातली चमचाभर पावडर कालवली. एवढ्या पावडरीनं पाण्याचा रंग शेंदरी व्हायला हवा होता. त्यांनी थेंब टाकले. पाचाचे दहा केले. पेल्यात पांढरा गढूळपणा तेवढा राहिला. त्यांनी पोत्याच्या तळाची पावडर काढून पुन्हा करून पाहिलं. तसंच झालं.

बाईंनी चिमूटभर पावडर नाकाशी धरली.

“सोडा त्याला,” त्या म्हणाल्या. “पावडर मेलीय. ओलीनं तिच्यातला दम गेलाय. यानं अख्खं पोतं रिकामं केलं असतं, तरी एक जंतू मेला नसता.”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. पोतं कुणी धाडलं, खोली गळते ते कुणाला ठाऊक होतं, याची कुजबुज सुरू झाली. सयाजी हळूच गर्दीत मागं सरला. गणपतरावांची पकड सैल पडली. पण पोर गेलेल्या बापाला हात कुठं ठेवावा ते कळेना. ते पुन्हा दिलदारवरच उलटले.

“रोज हातात घेत हुतास न्हवं? तुला कळलं न्हाय? कळलं तर कुनाला सांगाया तोंड न्हवतं तुला?”

दिलदारनं मान वर केली. एकदाच, क्षणभर, मीनाक्षीबाईंकडे पाहिलं. मग खाली वाकून टोपी उचलली आणि तिच्यावरचा चिखल बोटांनी काढत राहिला.

तो बोलणार नव्हता, हे बाईंना कळलं. काय घडलं होतं ते त्या दोघांखेरीज दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. गप्प राहिलं असतं तर गोष्ट पोत्यावर आणि पंचायतीवर गेली असती, आणि उद्या वाडीनं बाईंचे आभारच मानले असते.

त्यांनी पेला कठड्यावर ठेवला.

“त्यानं सांगितलं होतं, गणपतराव,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवसांमागं माझ्या दारात येऊन सांगितलं होतं. पावडरीला वास येईना झालाय, बाई, जरा बघा म्हणाला. मी त्याला कामचुकार म्हटलं आणि दार लावून घेतलं.”