निंबाखालची मोजणी

गावची शेतं शहराच्या हद्दीत घेऊन प्लॉट पाडायचं ठरल्यावर पुरुषमंडळी विरोधाचा अर्ज घेऊन धुळ्याला कलेक्टरकडे गेली. त्याच दिवशी मोजणीसाहेब साखळी घेऊन वावरात हजर. साखळी निंबाखालून न्यायची होती, आणि निंबाला आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका. पुरुष परतेपर्यंत मोजणी थोपवायला सिंधूनं शाळा बुडवून माहेरवाशिणी गोळा केल्या. एक उतरायच्या आत दुसरी चढायची. “आखाजीत माहेरवाशिणीला झोक्यावरून उठवत नाहीत, साहेब,” सिंधू ऐटीत म्हणाली. “तुम्हाला बसायचं तर नंबर लावा.” दुपार कलली, लेकी दमल्या, झोका रिकामा झाला. सावलीत बसलेला साहेब उठला, तशी सिंधूची आई झोक्यावर बसली. “डोईवर पदर, म्हणजे तुम्ही इथल्या सूनबाई,” साहेब म्हणाला. “झोका माहेरी घ्यायचा.” “मन्हा माहेरना वावरमा तुमना प्लॉट पडनात, भाऊ. कोठे जाऊ?” साहेब परत सावलीत बसला. सिंधूनं झोका दिला.