एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर

मोटारसायकलच्या मीटरवरचा आकडा लिफ्टवाल्याने दोनदा वाचला. एक लाख बेचाळीस हजार. एवढ्या पल्ल्यात माणसाचं कंबरडं ढिलं होतं, यंत्राची काय कथा! पण चार गावांतल्या लिफ्टची देखभाल नुकतीच त्याच्या गळ्यात पडली होती, आठवड्याला सहाशे किलोमीटर होणार होते आणि नवी गाडी त्याच्या आवाक्यातली नव्हती. ही लांब पल्ल्यासाठीच बांधलेली. उंच काच, रुंद सीट, दोन्ही बाजूंना पेट्या अडकवायच्या कड्या.

"पडलीये वाटतं," वाकलेल्या लेगगार्डवर हात ठेवत तो म्हणाला.

"लपवण्यासारखं काही नाही, दादा," घरची बाई म्हणाली. किल्ली आणि कागद घेऊन ती बाजूलाच उभी होती. "गेल्या वर्षी घाटात कुत्रं आडवं आलं. ह्यांची पाठ गेली. मुलगा मागे बसला होता, तो जागीच गेला."

पत्ता सांगावा तशा सुरात तिने हे सांगितलं. लिफ्टवाला उकिडवा बसून उगाच चेन चाचपू लागला.

"आत येऊन ह्यांना भेटा. गाडी कोणाच्या हाती जातेय ते बघायचंय म्हणतात. मी मेले सांगून सांगून, गिऱ्हाईक आहे, जावई नाही."

खोलीत पलंगावर हवेची गादी होती आणि तिचा पंप घुरघुरत होता. पलंगावरच्या माणसाचे खांदे पैलवानासारखे. चादरीखालचे पाय मात्र दुसऱ्याच कोणाचे असावेत असे. तो उताणा पडून होता.

"बसा. कुठे फिरवणार?"

लिफ्टवाल्याने गावं सांगितली.

"म्हणजे घाट लागणार."

"दोन लागतात."

तो माणूस म्हणाला, "तेल पिते. हजार किलोमीटरला पाव लिटर धरून चाला. दुसरा गिअर मधूनच सुटतो."

"अहो, विकायचीये ना आपल्याला?" बाई दारातूनच म्हणाली. तिच्या आवाजात थोडं हसू होतं.

"आणि पुढचा ब्रेक बदलल्याशिवाय घाटात घालू नका. तापला की लिव्हर पार मुठीला टेकतो. दाबला तरी गाडी थांबत नाही."

लिफ्टवाल्याचा सगळा जन्म लिफ्टचे ब्रेक तपासण्यात गेलेला. बिघाड कळला की पहिला प्रश्न कोणता, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. तो विचारून बसला, "कधीपासून?"

"शेवटच्या ट्रिपच्या आधी दोन महिने. निघायच्या तोंडावर विचारलं, तर पार्ट यायला पंधरा दिवस लागणार होते. पोराला सुट्टी आठच दिवस होती." त्याने डोळे मिटले. "म्हटलं, आल्यावर बघू."

पंप घुरघुरत राहिला. जीभ आवरली असती तर बरं झालं असतं, असं लिफ्टवाल्याला वाटलं. पण आता बाण सुटला होता.

"आणि कुत्रं?" बाईने विचारलं.

"कुत्रं नव्हतं."

बाईने कागद टेबलावर ठेवले. कडेला कड लावून नीट ठेवले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दादा, ह्यांचे पाय धरता जरा? कुशीवर करायची वेळ झाली."

त्याने पाय धरले. गार होते, आणि इतके हलके की त्याला दचकायला झालं. तिने एक हात खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली. हात सरावाचे होते.

"ह्या कुशीवर नको गं," तो माणूस हळूच म्हणाला. "इकडची जखम ओली आहे अजून."

ती थांबली नाही. त्याचं तोंड भिंतीकडे झालं. पाठीला उशी लावून तिने चादर सारखी केली, एक सुरकुतीसुद्धा ठेवली नाही, आणि कागद उचलून ती बाहेर आली.

लिफ्टवाला तिच्या मागोमाग आला. गाडीपाशी येऊनही त्याला गाडीकडे बघवेना. "ताई," तो चाचरत म्हणाला, "त्यांना दुसऱ्या कुशीवर... म्हणजे मी थांबतो हवं तर, पाय धरायला."

तिने किल्ली पुढे केली.

"ब्रेकचे किती कमी करू, तेवढं बोला."